बेचाळीस अंश

फाइलीच्या चौथ्या पानावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि चिठ्ठीवर पेन्सिलीनं बाण काढलेला होता. सही कुठं करायची ते दाखवणारा. शिरीननं पेनाचं टोपण काढलं आणि सही करण्याआधी वरच्या चार ओळी वाचल्या. नसत्या वाचल्या तर काय झालं असतं, हा प्रश्न तिला पुढं बरेच दिवस पडत राहिला. ओळी इंग्रजीत होत्या, पण वाचता वाचताच त्यांचं मराठी झालं: ऑइल पुरेसं गरम झालं आहे असं रेकॉर्डर शिरीन मुलाणी यांनी चालकाला सांगितलं, त्यावर विसंबून चालकानं वेग वाढवला. तिनं ते पुन्हा वाचलं. तिच्या नावाचं स्पेलिंगही बरोबर होतं. पगाराच्या चिठ्ठीवर सहा महिने चुकत आलेलं स्पेलिंग इथं मात्र बिनचूक होतं.

"साहेब, हे मी म्हटलेलं नाही," ती म्हणाली.

ट्रायल विभागाचे मॅनेजर ढमढेरे साहेब फोनवर होते. त्यांनी हातानंच तिला थांबवलं, फोन संपवला आणि मग विचारलं, "काय झालं?"

"हे वाक्य. मी नेमकं उलटं म्हटलं होतं. तुम्ही होतात तिथं."

"अगं, ते तसं लिहावं लागतं. फॉरमॅट असतो त्याचा. तू ट्रेनी आहेस, तुझ्यावर काही येणार नाही. फार तर समज देतील."

"पण मी तसं म्हटलंच नाही."

"बरं, उद्या कर सही. घाई कुठाय?" असं म्हणून ते हसले. ते वाईट हसले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. लहान मुलानं खेळणं मोडलं म्हणून रडावं आणि मोठ्या माणसानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून हसावं, तसे हसले.

पेनाला टोपण लावून ती बाहेर आली. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसली, रांजणगावचं गणपतीचं देऊळ मागं गेलं, आणि ते वाक्य तिच्याबरोबर शिरूरपर्यंत आलं. त्या वाक्यातला कुठला शब्द आपल्याला चावतोय हे ती शोधत होती. आपण चुकलो असं लिहिलं असतं, तर ते तिनं कदाचित सोसलं असतं. आकडा वाचायला माणूस चुकतो. पण इथं तिचंच बोलणं उलटं करून तिच्या तोंडात परत घातलं होतं. आणि तिचं बोलणं तरी किती होतं? गेल्या ऑगस्टपासून, डिप्लोमा संपवून ट्रेनी म्हणून लागल्यापासून, त्या कंपनीत ती रोज एकच गोष्ट ठामपणे बोलत आली होती: अजून नाही. कारखान्यातली साधी छोटी गाडी आता टर्बो बसवून जास्त ताकदीची करायची होती. तशा तीन गाड्या हातानं बांधल्या होत्या आणि त्या कंपाउंडमधल्या ट्रॅकवर रोज पळवायच्या होत्या. गाडी चालवायचा संपत, केंदूरचा, बारा वर्षांचा अनुभव असलेला माणूस. शेजारच्या सीटवर मांडीवर पॅड घेऊन शिरीन. डॅशबोर्डखाली तारेनं बांधलेला एक जादा मीटर होता, ऑइलचं तापमान दाखवणारा. ऑइल ऐंशी अंशांवर गेल्याशिवाय इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही, हा नियम ट्रायलच्या कागदांत पहिल्याच पानावर होता. थंड ऑइल काकवीसारखं घट्ट असतं; पंप ते ढकलतो, पण ते बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही. पाणी लवकर गरम होतं, चार मिनिटांत त्याचा काटा मध्यावर येतो आणि माणसाला वाटतं, झाली गाडी तयार. ऑइल मागं असतं. त्याला बारा-तेरा मिनिटं, सावकाश चालवत साडेतीन चकरा. तेवढ्या वेळात संपत दर चकरेला विचारायचा, "काय म्हणतंय म्याडम?" आणि ती म्हणायची, "अजून नाही, भाऊ." मग एका क्षणी ती म्हणायची, "चला." त्या "चला" नंतर गाडी जी उसळायची, पाठ सीटमध्ये रुतायची, त्यात आपलाही वाटा आहे असं तिला रोज वाटायचं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं, पण वाटायचं.

शिरूरला गिताबाईंच्या घरात मागची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. त्या रात्री तिनं जेवण केलं नाही. कॉटवर आडवी पडून ती पुन्हा पुन्हा तो बुधवार आठवत राहिली, कुणीतरी साक्ष घेणार असल्यासारखा, बारीकसारीक. जानेवारीतली सकाळ, हातमोज्यांतही बोटं गार. दिल्लीहून पाहुणे येणार होते, ही गाडी पुढं विकणारे. त्यांच्यासाठी सात वाजता इंजिन गरम करून ठेवलं, आणि ते आले साडेनऊला. तोवर सगळं निवून गेलं होतं. पुन्हा चालू करून एक चकर झाली आणि ढमढेरे साहेबांनी हात करून गाडी पाहुण्यांसाठी घातलेल्या मंडपाजवळ घ्यायला लावली. खिडकीत वाकून ते म्हणाले, "संपत, दोन राउंड फुल. पाहुण्यांना आवाज ऐकू दे." तिनं मीटर पाहिला. "साहेब, ऑइल बेचाळीसवर आहे. अजून नाही." त्यांनी डॅशबोर्डकडं बोट केलं. "काटा मध्ये आलाय की." "तो पाण्याचा काटा आहे, साहेब. ऑइलला अजून दहा मिनिटं लागतील." मागून टोपी घातलेला एक पाहुणा म्हणाला, "मॅडम को ठंड लग रही है क्या?" आणि सगळे हसले. ढमढेरे साहेबही हसले. संपतनं तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "भाऊ, अजून नाही." हे तिनं मोठ्यानं म्हटलं होतं, दोनदा म्हटलं होतं, संपतच्या डोळ्यांत बघून म्हटलं होतं. साहेबांनी टपावर तळहातानं दोन थापा मारल्या, बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप, आणि संपतनं गाडी सोडली. दुसऱ्या चकरेला पलीकडच्या वळणावर पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. संपतनं क्लच दाबला, पण तोवर इंजिन आतून जाम झालं होतं. गाडी नुसतीच घरंगळत जाऊन थांबली. इतकी शांतता झाली की मंडपातल्या टाळ्या त्यांना ऐकू आल्या. पाहुण्यांना काही कळलंच नव्हतं. ते टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी तिनं संपतला मोटरसायकलींच्या शेडमध्ये गाठलं. कागदावरची ती ओळ चालकाच्या जबाबातून आली होती, हे तिला सकाळीच क्लार्ककडून कळलं होतं. ते कळल्यावर हातातला चहा तिनं तसाच ठेवून दिला होता.

"संपतभाऊ, मी तुम्हाला काय म्हटलं होतं?"

संपत हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला. "तुमी म्हणला व्हता न्हाई म्हणून."

"मग?"

"सायबांनी सांगितलं लिव, म्या लिवलं. तुमाला काय व्हनार न्हाई म्याडम. लेडीज हाय, नवीन हाय, सोडून देत्याल म्हणलं. माझ्यावर आलं तर माझी भाकरच जाती."

"म्हणून माझ्या तोंडी खोटं घातलंत?"

"खोटं म्हंजी..." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "व्हय."

तो "व्हय" म्हणाला म्हणून तिचा राग कमी झाला नाही, उलट वाढला. त्यानं नाकारलं असतं तर भांडता आलं असतं. सहा महिने हा माणूस तिच्या एका शब्दावर गाडी धरून ठेवत होता. डब्यातली मटकी देताना "तुमच्यात चालतं का?" असं एकदाच विचारून पुढं कधी विचारलं नव्हतं त्यानं. आणि आता ती कोण होती? नवीन. लेडीज. जिच्यावर टाकलं तर कुणाचं काही बिघडत नाही अशी जागा. सगळ्यांनी मिळून तिच्यावर दयाच केली होती, जणू तिनं चूक आधीच केली होती.

गुरुवारी सुट्टी असायची. न्हावऱ्यावरून दौंडला जाणाऱ्या एसटीत उभ्यानं जाताना तिला दादा आठवले, अब्बांचे वडील. दौंडच्या लोको शेडमध्ये ते रेल्वेची वाफेची इंजिनं पेटवायच्या कामावर होते. गाडी कुठल्याही वेळेची असो, दादा कितीतरी तास आधी जायचे. ती पाच-सहा वर्षांची असताना त्यांनी तिला खांद्यावर घेऊन शेडमध्ये नेलं होतं. फायरबॉक्सचं दार उघडल्यावर तोंडावर आलेली धग आणि तेलात भिजलेल्या चिंध्यांचा वास तिला अजून आठवत होता. दादा म्हणायचे, गार बॉयलरला एकदम जाळ लावला की पत्रा ताणतो, आतून फाटतो, वरून कळत न्हाई. एकदा कुणा साहेबानं घाई केली तेव्हा दादांनी फावडं खाली ठेवलं आणि ते बाजूला जाऊन बिडी ओढत बसले, असं घरात सांगायचे. ते किती खरं, कुणास ठाऊक. पण त्या गोष्टीनंतर दादांना काही झालं असं मात्र कुणी सांगत नसे, आणि हे तिला आज पहिल्यांदा विचित्र वाटलं. काहीतरी झालंच असणार. माणसं गोष्टीतला तेवढा भाग ठेवत नाहीत.

अब्बांचं, अयुब मुलाणींचं, स्टेशनाबाहेर कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. तिनं सगळं सांगितलं तेव्हा ते एका किल्लीचे दाते घासत होते. घासणं न थांबवता त्यांनी ऐकलं.

"सही करून टाक, बेटा," ते म्हणाले.

"खोट्यावर?"

"एक वाक्य तर हाय. कोण वाचतंय? मार्चपर्यंत गप राहा. कायम झालीस की मग काय बोलायचं ते बोल."

"तेव्हाही तुम्ही म्हणाल, गप राहा."

अब्बांनी फुंकर मारून किल्लीवरचा कीस उडवला. "म्हणंन," ते म्हणाले. "लोक तू चुकायची वाट बघत बसत्यात. आपल्यातल्या पोरीची जास्त बघत्यात. हे तुला म्या सांगायला पायजे का?"

नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. अम्मीनं डब्यात कबाब भरून दिले, ते घेऊन संध्याकाळच्या गाडीनं ती परत निघाली, आणि सबंध वाटेत तिला अब्बांचा राग येत राहिला. साहेबांचा यायला हवा होता तो राग अब्बांवर निघत होता, हे कळूनही थांबेना. ते प्रेमानं बोलले होते. ढमढेरे साहेबही प्रेमानंच बोलले होते. संपतनंही तिचा विचार करूनच खोटं लिहिलं होतं. तिच्या भल्याचा विचार न करणारं एक माणूस तिला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली, फाइल उघडली, आणि बाणाजवळ सही न करता खालच्या कोऱ्या जागेत लिहायला लागली. अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश. "वरील विधान चुकीचे आहे. ऑइल बेचाळीस अंशांवर होते. 'अजून नाही' असे मी दोनदा सांगितले. तरीही," इथं तिचं पेन थांबलं. साहेब तिच्या खांद्यामागं उभे होते. त्यांच्या आफ्टरशेव्हचा वास येत होता. "तरीही चालकाने वेग वाढवला," असं तिनं पुरं केलं आणि सही केली.

साहेबांनी वाचलं. "पान खराब केलंस," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरं छापून आणायला सांगितलं. दुसऱ्या पानावर तिनं पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्यांदा पान आलं तेव्हाही शब्द तेच आले, त्याच क्रमानं, पाठ झाल्यासारखे. साहेबांनी ते बराच वेळ पाहिलं. मग ते अनपेक्षितपणे म्हणाले, "ठीक आहे. तुझं म्हणणं असू दे." बाहेर आल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की कँटीनमध्ये तिनं दोन वडे खाल्ले.

दहा दिवसांनी तिला कायम केल्याचं पत्र आलं, एक एप्रिलपासून. तिनं दुकानाशेजारच्या फोनवर अब्बांना बोलावून घेतलं आणि पत्र वाचून दाखवलं. अब्बा फक्त दोनदा "वाच परत" म्हणाले. खरं बोलून नोकरी टिकते, हे त्यांना ऐकवायचा मोह तिनं मोठ्या मुश्किलीनं आवरला. दुपारी ती ट्रॅकवर गेली. दुसऱ्या गाडीत वेगळाच ड्रायव्हर बसला होता, असेंब्लीतून आलेला.

"संपतभाऊ रजेवर आहेत?"

तो ड्रायव्हर आरसा नीट करता करता म्हणाला, "संपतला सस्पेंड केलाय की. चौकशी लागलीय. तुमच्याच कागदावरनं."

ती शेजारी बसली. पॅड मांडीवर घेतलं. मीटर एकोणीस अंश दाखवत होता, तिनं एकोणीस लिहिलं. त्या दिवसभराचे आकडे तिनं बरोबर लिहिले; नंतर तपासले, एकही चुकला नव्हता.

त्या गुरुवारी दौंडला न जाता ती शिक्रापूरला उतरली आणि तिथून जीपनं केंदूरला गेली. काय बोलायचं ते ठरवून निघाली होती: मी खरं तेच लिहिलं, तुम्ही खोटं लिहिलंत, आता माझ्याकडं बोट दाखवू नका. घराबाहेर संपतचे वडील भैरूआबा घोंगडी पांघरून उन्हाला बसले होते. जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस, आता गुडघ्यांमुळं अंगणातच. संपत घरी नव्हता, पाबळला टेम्पोवर काम मिळतंय का बघायला गेला होता. त्याची बायको पूनम दारात आली, तिनं शिरीनला याआधी कधीच पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं.

"तुमी त्या मीटरवाल्या का?"

"हो."

"सुने, पाणी दे आधी," आबा म्हणाले.

पूनमनं पाणी दिलं आणि समोर उभी राहिली. "ह्यांनी तुमच्या नावावर खोटं लिवलं. मला कळलं तवा म्या दोन दिस बोलले न्हाई त्यांच्याशी. तुमी खरं लिवलं, त्येबी बरं केलं. आता कशाला आलाय?"

"मी जे घडलं तेवढंच लिहिलं. थांबा म्हटलं होतं मी, तरी त्यांनी..."

"तुमी थांबा म्हणला, ते लिवलं," पूनम म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ह्यांनी गाडी पळवली, ते लिवलं. पळव कोण म्हणलं, ते का न्हाई लिवलं?"

शिरीनच्या हातात तांब्या होता. ठरवून आणलेलं सगळं बोलणं तिच्याजवळ होतं आणि त्यातलं एकही वाक्य या प्रश्नाला पुरत नव्हतं. तीन वेळा लिहिलं होतं तिनं ते. तीनही वेळा "तरीही" नंतर पेन त्याच जागी अडखळलं होतं आणि तीनही वेळा ती त्या खांद्यामागच्या वासाला वळसा घालून पुढं गेली होती. आणि साहेबांनी ते पाहिलं होतं. म्हणूनच ते "ठीक आहे" म्हणाले होते. ते कायम केल्याचं पत्र त्या गाळलेल्या शब्दांसाठी होतं. तिचा एवढा मोठा राग, अब्बांपर्यंत पोचलेला, रात्रीची झोप उडवणारा, तो स्वतःपुरताच होता. आपलं वाक्य परत मिळालं आणि तो गपगार वडे खायला बसला. आता तो पुन्हा आला, पण या वेळी त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेच तिला कळेना. तांब्या खाली ठेवून ती परतीच्या जीपकडं निघाली.

फेब्रुवारीत कँटीनच्या वरच्या खोलीत चौकशी झाली. पुण्याहून आलेले एक निवृत्त वकील चौकशी अधिकारी होते. टेबलाच्या एका बाजूला ढमढेरे साहेब, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचा शर्ट घातलेला संपत. शिरीनला कंपनीची साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. तिच्या कागदातलं तेवढं वाचून "बरोबर" म्हणायचं, असं तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"हे तुमचंच अक्षर ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो. पण ते अर्धं आहे."

ढमढेरे साहेबांनी मान वर केली.

"पाहुण्यांसमोर दोन राउंड फुल मार, असं ढमढेरे साहेबांनी सांगितलं," ती म्हणाली. "ऑइल बेचाळीसवर आहे हे मी त्यांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले, काटा मध्ये आलाय. मग त्यांनी टपावर थाप मारली. त्यानंतर संपतभाऊंनी गाडी सोडली. त्याआधी नाही."

अधिकारी लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "मग हे पहिल्या वेळी का लिहिलं नाहीत?"

"घाबरले होते."

"आणि आता?"

"आताही," ती म्हणाली.

चौकशीचा निकाल यायला मे उजाडला. संपतला परत घेतलं, पण गाडीवर नाही, स्टोअरमध्ये फोर्कलिफ्टवर. शिरीनला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुसरं पत्र आलं: आधीचं पत्र नजरचुकीनं दिलं गेलं होतं, प्रशिक्षणाचा काळ संपला. ढमढेरे साहेबांना वरच्या जागेवर दुसऱ्या विभागात नेलं. शिरीन पुढं कुरकुंभला एका लहान वर्कशॉपमध्ये लागली, निम्म्या पगारावर, आणि अब्बांनी त्याबद्दल तिला एकदाही बोल लावला नाही. फक्त ती घरी आली की दुकान लवकर बंद करायला लागले.

चौकशीच्या दिवशी मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ती गेटबाहेर रस्त्याच्या कडेला एसटीची वाट बघत उभी होती. संपत मोटरसायकल ढकलत आला आणि तिच्यापाशी थांबला.

"शिरूरपतुर सोडू का?"

"नको. येईल बस."

"म्याडम, तुमी आज माझ्यासाठी लई..."

"तुमच्यासाठी नाही केलं, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. तुम्ही माझं नाव लिहिलंत. मी वर्षभर विसरणार नाही, दहा वर्षंही विसरणार नाही."

संपतनं मान हलवली. त्याच्या शर्टाच्या कॉलरला इस्त्रीचा पिवळट डाग पडला होता, तिला तो आता दिसला.

"नका इसरू," तो म्हणाला.

मग त्यानं मोटरसायकल स्टँडवर लावली आणि बस येईपर्यंत तो तिथंच, चार हात लांब, रस्त्याकडं बघत उभा राहिला.